आत उताराचं छप्पर

आक्कांनी मला खोली द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"आंघोळीला किती बादल्या घेतीस?"

मी लातूरकडच्या एका खेड्यातून नुकतीच आले होते. सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता आणि चाकणला कारखान्यांच्या शेड बांधणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या कामाला लागले होते. खोलीसाठी सकाळपासून चिखलीत पायपीट चालली होती. चार घरमालकांनी लग्न का नाही झालं, एकटी का राहणार, भेटायला कोण कोण येणार, सगळं खोदून विचारलं होतं. बादल्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

"अर्धी," मी म्हणाले. "आमच्याकडं तेवढीच मिळते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कनवटीची किल्ली काढली. "आतली तिसरी खोली. पंखा हाय. नळ एक दिसाआड येतो. ज्या दिवशी येत न्हाई त्या दिवशी नळाला शिव्या द्यायच्या न्हाईत आन् मला बी न्हाईत."

पुढे कळलं, माझ्या आधी दोन दिवस हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेला एक मुलगा येऊन गेला होता. त्यानं आल्या आल्या शॉवर आहे का, असं विचारलं. आक्कांनी त्याला पाणी पाजलं, गूळ दिला आणि फाटकापर्यंत सोडून आल्या.

त्या वेळी त्या साठीच्या आसपास असतील. अंगानं काटक, नेसणं नऊवारी आणि पायांत कारखान्यातले सेफ्टी शूज. खोली सोडून जाणारे भाडेकरू मागे बूट टाकून जात, त्यातलेच हे दोन. उजवा आठ नंबरचा आणि डावा नऊचा. डाव्यात त्या कापडाचा बोळा घालत. पाऊस लागला की डोक्यावर पिवळं हेल्मेट चढे. छत्री त्यांनी कधी वापरली नाही. "छत्री घेतली की वरचं दिसत न्हाई," म्हणायच्या. आणि पावसात वर काय चाललंय ते बघणं हाच तर त्यांचा उद्योग होता. गावातले काही लोक त्यांना 'येडी आक्का' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

घराणं मूळचं शेतकरी. लग्न होऊन त्या चिखलीत आल्या तेव्हा सगळीकडे ज्वारी आणि हरभरा होता. मग आजूबाजूला वर्कशॉप उभी राहिली, जमिनी गेल्या, नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. वाट्याला एक तुकडा राहिला. त्यावर पत्र्याच्या दहा खोल्या, मागे स्वतःचं दोन खणांचं घर, एक विहीर आणि थोडी झाडं. पुतण्या शेजारीच राहायचा. जमिनीच्या व्यवहारात त्याचा जम बसला होता. वागायला तसा चांगला, पण काकूची त्याला लाज वाटायची.

पाण्याचं हे वेड त्यांना कशानं लागलं, ते त्यांनीच मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं. त्यांच्या विहिरीनं आयुष्यात कधी तळ दाखवला नव्हता. एके सकाळी त्यांनी पोहरा वर ओढला, तर पाण्यावर मोराच्या मानेसारखा रंग पसरलेला. हातावर घेतलं तर चिकट लागलं, तेलाचा वास आला. कुणाचं तेल, कुठून झिरपत आलं, काही समजेना. त्या चार दारं हिंडून आल्या. प्रत्येकानं पुढच्या दाराकडे बोट दाखवलं.

"त्या दिशी मनाशी म्हनलं, खालचं पानी आता आपलं ऱ्हायलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "वरून येतं त्यात अजून कुणी तेल घातलेलं न्हाई. मग वर बघाया लागले."

वर बघायला लागल्या ते अगदी शब्दशः. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं. "ए डराईंगवाले, ऊठ. हंडा धरायला माणूस पायजे." बाहेर पाऊस कोसळत होता. हेल्मेट घालून त्या पुढे, हंडा घेऊन मी मागे. त्यांनी मला जांभळाखाली उभं केलं. खोडाला सायकलची जुनी ट्यूब तिरकी गुंडाळून डांबरानं चिकटवलेली होती आणि तिचं टोक चोचीसारखं बाहेर काढलेलं होतं. त्या चोचीतून पाण्याची धार लागली होती. मी बघतच राहिले. हंडा भरायला फार वेळ लागला नाही.

"आता आंब्याखाली चल."

आंब्याच्या खोडालाही तशीच ट्यूब होती. तिच्यातून जेमतेम ठिबक.

"का?" त्यांनी विचारलं.

कॉलेजात मी पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांची गणितं सोडवली होती, पण झाडावर पडलेलं पाणी जातं कुठं, हा प्रश्न मला कुणी घातला नव्हता. आक्कांनी बोटानं दाखवलं. जांभळाच्या फांद्या आभाळाकडे वर गेलेल्या, म्हणून पाणी फांदीवरून घसरत खोडाकडे येतं. आंबा छत्रीसारखा पसरलेला, तो पाणी बाहेरच्या बाहेर घेऱ्यावर टाकतो. मग त्यांनी मला घरामागच्या केळीपाशी नेलं आणि एका पानाच्या देठाला बोट लावायला सांगितलं. देठ वरच्या अंगानं पन्हळीसारखा पोकळ. पानाच्या दोन्ही बाजूंचं पाणी मधल्या शिरेत उतरत होतं, शिरेतून देठात आणि देठातून थेट बुंध्यात.

"आपली सगळी घरं आंब्यावानी," आक्का म्हणाल्या. "डोक्यावर पडलं की बाहीर ढकलायचं. मग शेजाऱ्याच्या दारात चिखल आन् आपल्या हंड्यात काय न्हाई. केळ बघ. आपलं पानी आपल्या बुडाशी नेती."

मी हसून मान डोलावली. मालकीणबाईंचं मन राखायचं, एवढाच त्यामागे हेतू होता. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळ्यांना हसवलं. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीची कामं आटली आणि आम्हा सहा जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. घरून फोन आला, परत ये, एक स्थळ आहे. मी पिशव्या भरायला घेतल्या. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही, नोकरीचं तर नावही काढलं नाही.

"जायच्या आदी मला एक डराईंग काढून दे," म्हणाल्या. "ह्या खोल्या पाडायच्यात."

पुतण्यानं एक इंजिनिअर आणला होता. त्यानं सपाट स्लॅबच्या इमारतीचा नकाशा काढून दिला होता. आक्कांनी तो जमिनीवर पसरला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि इंजिनिअरला विचारलं, "हे कुटं गेलं, सांगा." तो उठून गेला तो परत आला नाही.

माझंही पहिलं ड्रॉइंग त्यांनी असंच भिजवलं. शाई फुटली आणि माझी व्यवस्थित, दोन्हीकडे उतार असलेली शेड सतरंजीवर ओघळली. "कागद लई शाना असतो," त्या म्हणाल्या. "पानी पडलं की कळतं. पत्र्याचं करून आन."

म्हणून मी शेजारच्या चाचांकडे गेले. चाचा पत्र्याची कामं करत. त्यांचं वर्कशॉप आक्कांच्या भिंतीला लागून होतं. त्यांच्या वडिलांपासून ते गावात होते, आणि आक्कांशी त्यांचा रोज एकदा तरी वाद झाल्याशिवाय राहत नसे. मी त्यांना सांगितलं की छपराला दोन पाखी, म्हणजे दोन उतरत्या बाजू हव्यात, पण उतार बाहेर नको, आत. मधोमध पन्हळ. ती एका टोकाला अरुंद आणि पाणी जिथं पोचणार त्या टोकाला रुंद, केळीच्या शिरेसारखी.

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, दुनिया पानी को घर के बाहर निकालती है. तुम घर के बीच में ला रही हो?"

मलाही तेच वाटत होतं. आत उताराचं छप्पर गळतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. दोन पाखी जिथं मिळतात तिथं कचरा अडतो, पाणी तुंबतं आणि खाली उतरतं. मी हे आक्कांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "केळीच्या खाली कधी उभी ऱ्हायलीस का? गळती का ती?"

जानेवारी ते मार्च मी आणि चाचांनी मिळून सात छोटी छपरं केली. आक्का प्रत्येकावर झारीनं पाणी घालायच्या आणि गुडघ्यावर बसून बघायच्या. एकात पाणी उडी मारून बाहेर गेलं. एकात मधेच थबकलं. पाचव्यात मी पन्हळ दोन बोटं खोल केली तेव्हा पाणी पहिल्यांदा न अडखळता सरसरत गेलं. आक्कांनी झारी पुन्हा भरली आणि पुन्हा घातली. नंतर पुन्हा. मला काय झालं सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी घरी फोन करून स्थळाला नाही म्हणून कळवलं.

ह्या कामात एक गोष्ट मात्र मी केली, आणि ती सांगितल्याशिवाय हे सगळं खोटं ठरेल. अशा पन्हळीच्या टोकाला, पत्र्याच्या पातळीखाली, जादा पाण्यासाठी वाट ठेवावी लागते. पाणी खाली नेणारा मुख्य पाइप तुंबला तर पाणी तिथून बाहेर पडतं. हे मला माहीत होतं. मी ती ड्रॉइंगवर दाखवलीही होती. पण आक्का सारखं म्हणत, "एक थेंब वाया जायला नगं." त्यांना खूश करायला मी ती वाट पुसून टाकली. चाचांनी विचारलं तेव्हा गरज नाही म्हणून सांगितलं.

मे महिन्यात नव्या बारा खोल्या उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा, मध्ये बोळ, बोळावर पन्हळ आणि मागच्या अंगणात जमिनीखाली मोठी टाकी. लांबून बघितलं की इमारतीनं दोन्ही हात आभाळाकडे पसरल्यासारखे वाटत. येणारे-जाणारे थांबायचे. एकानं तर मिस्त्रीनं छप्पर उलटं बसवलं का, असं विचारलं.

भाडेकरूंना आत घ्यायच्या आधी आक्कांनी टँकर बोलावला आणि पाइप थेट छपरावर सोडायला लावला. भर उन्हाळ्यात, आख्ख्या गल्लीत पाण्यासाठी रांगा लागलेल्या असताना! पाच मिनिटांत गर्दी जमली. पुतण्या घाम पुसत धावत आला. "काकू, लोकं शिव्या घालायला लागलीत. पाणी मातीत घालवताय?"

"मातीत कशाला?" आक्का म्हणाल्या. "टँकर टाकीतच रिकामा करायचा हुता. जाता जाता छपरावरून जातोय."

लोक हसले. पुतण्याही नाइलाजानं हसला. मी मात्र आत होते, एकेका खोलीत मान वर करून फिरत होते. बाराही खोल्या कोरड्या होत्या. चाचांनी मागच्या अंगणात टाकीवर कान ठेवला आणि आत येऊन होकारार्थी मान हलवली. मी आनंदानं रडले. माझ्या हातून जमिनीवर उभी राहिलेली ती पहिली वस्तू होती.

पण टँकरच्या पाण्यात पालापाचोळा नसतो.

जुलैच्या मध्यावर, दुपारी, तीन दिवसांच्या झडीनंतर पाऊस एकदम वाढला. कुणाच्या तरी गच्चीवरून प्लास्टिकचा मोठा कागद उडून आला आणि पन्हळीच्या तोंडावर बसला. त्यामागे गुलमोहराची पानं. पाणी तुंबत पत्र्यापर्यंत चढलं आणि वाट मिळेना तेव्हा भिंतीवरून शेवटच्या खोलीत उतरलं. तिथं नांदेडकडचं एक जोडपं राहत होतं. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. बायको दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन पलंगावर झोपली होती. किंकाळी ऐकून आम्ही धावलो तेव्हा ती लेकराला छातीशी धरून गुडघाभर ओल्या गोधड्यांमध्ये उभी होती आणि वरून धार लागली होती. नवऱ्याचे कागद, पीठ, लेकराची औषधं, सगळं पाण्यात. चाचा शिडी लावून वर चढले आणि हातानं कागद ओढून काढला. टाकीत पाणी असं कोसळलं की जमीन हादरली.

लेकराला काही झालं नाही. पण त्या अर्ध्या तासात मी काय काय बघितलं मनात, ते सांगवत नाही.

संध्याकाळी सगळे भाडेकरू अंगणात जमले. पुतण्या म्हणाला, "उद्याच हे छप्पर काढा. मी आधीच सांगत होतो." कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "डिप्लोमावाल्या पोरीच्या नादाला लागून..." आक्कांनी त्याला बोलू दिलं नाही. त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"घर माजं, हट्ट माजा, चूक माजी. तिनं मी सांगितलं तसं काढलं. ज्याचं जे भिजलं ते मी भरून देनार. ज्याला जायाचं त्यानं खुशाल जावं, राग न्हाई." मग नांदेडच्या त्या पोरीकडे वळून म्हणाल्या, "आन् तू लेकराला घिऊन माज्या घरात ऱ्हा. मी कोरड्या खोलीत झोपून तुला वल्यात ठेवनार न्हाई." त्या रात्रीपासून आठ दिवस आक्का त्या शेवटच्या खोलीत राहिल्या आणि ते जोडपं त्यांच्या घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या खोलीतलं पाणी फडक्यानं टिपत होत्या.

"आक्का, चूक तुमची नाही. जादा पाण्याला वाट ठेवावी लागते हे मला माहीत होतं. मी ती पुसली."

त्या फडकं पिळायच्या थांबल्या. "म्हाईत हुतं तर बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला थेंब वाया गेलेला आवडत नाही, म्हणून."

आक्कांनी फडकं बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील, पिशव्या उचल. बाहेर वारा घोंघावत होता.

"मग चूक दोघींची," त्या म्हणाल्या. "तू बोलली न्हाईस आन् मी तुला बोलू दिलं न्हाई. माजी मोठी." आणि उठल्या. "चल."

त्यांनी मला पुन्हा केळीपाशी नेलं. वाऱ्यानं पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. कंगव्याच्या दातांसारखी ती शिरेपासून काठापर्यंत फाटली होती, आणि प्रत्येक चिरेतून वारा आणि पाणी निघून जात होतं. केळ मात्र ताठ उभी होती.

"इतकी वर्सं मी हिच्यात निस्तं पानी जमा करनं बघितलं," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "फाटनं बघितलंच न्हाई. धरवंल तेवढं धरती, न्हाई धरवत तवा फाटून वाट देती. म्हनून मोडत न्हाई. हे मला कळाय पायजे हुतं."

शिकवणारं माणूस आपलं चुकलं म्हणून शिकणाऱ्यासमोर उभं राहतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. कॉलेजात नाही आणि कंपनीत तर नाहीच.

त्याच दिवशी चाचांनी पन्हळीच्या टोकाला, पत्र्याच्या चार बोटं खाली, दोन रुंद तोंडं कापली. पाइप तुंबलाच तर पाणी खोलीत न येता सर्वांना दिसेल असं अंगणात पडेल, म्हणजे कुणीतरी वर चढून साफ करेल. वर जाळी बसवली. आक्कांनी वर जाणारी लोखंडी शिडी कायमची भिंतीला ठोकून घेतली आणि दर रविवारी भाडेकरूंपैकी एकानं वर चढायचं असा नियम घातला. त्या पावसाळ्यात दोनदा अंगणात धार पडली. खोल्यांत एक थेंब आला नाही. दोन बिऱ्हाडं सोडून गेली. नांदेडचं जोडपं राहिलं. टाकीचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला होळीपर्यंत पुरलं. पुतण्यानं पुढच्या वर्षी स्वतःच्या घराचं छप्पर बदलायचं ठरवलं, तेव्हा तो कुणाला न सांगता माझ्याकडे आला.

नोकरीचं असं झालं. दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीत मुलाखत होती. मी छपराचे फोटो काढले. सकाळच्या उन्हातले, छान. आक्कांनी मोबाइल हातात घेऊन एकेक बघितला.

"त्या पोरीच्या खोलीतला कुटंय?"

मी तो त्या दिवशी नुकसान दाखवायला म्हणून काढला होता. "तो कशाला, आक्का? नोकरी मिळायचीय मला."

"गळलेलं दाखव. चांगलं तर कुनीबी दाखवतं."

मी दाखवला, पण धैर्यानं वगैरे नव्हे. त्यांना परत येऊन काय सांगायचं, ह्या धाकानं. समोर बसलेले वयस्कर साहेब तोवर कंटाळून पेन फिरवत होते. तो फोटो आला तसं त्यांनी पेन ठेवलं. काय झालं, विचारलं. मी सगळं सांगितलं, पुसलेल्या वाटेसकट. ते म्हणाले, "इथं आलेल्या कुणाची शेड आजवर गळलेली नाही. तुमची पहिलीच." मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पुढे दीड तास मला केळीबद्दल विचारलं. आठवड्यानं पत्र आलं. त्यानंतर माझं आयुष्य ज्या वाटेनं गेलं, ती वाट त्या ओल्या पलंगाच्या फोटोपासून सुरू होते.

लग्न झालं तेव्हा मी खोली सोडली. आक्कांकडे जाणं सुटलं नाही. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आता त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळते.

मागच्या पावसाळ्यात चाकणजवळ एका कारखान्याची नवी शेड पूर्ण झाली. तिचं छप्पर आत उताराचं आहे, आणि ड्रॉइंगवर माझी सही आहे. खाली शेकडो माणसं काम करतात. मी आक्कांना घेऊन गेले. रस्ताभर ट्रॅफिक, त्यात पाऊस. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय, आजी?"

"छपराला," आक्का म्हणाल्या.

त्यांना हाताला धरून मी आत नेलं. मशिनं चालू होती. मधल्या खांबालगत खाली उतरणारा पाइप आहे, माणसाला कवेत घ्यावा लागेल एवढा. आक्कांनी आधी त्यावर तळवा ठेवला. मग कान लावला. माझे दोन सहकारी आणि पाच-सहा कामगार काम थांबवून बघत राहिले. आक्कांनी डोळे मिटले होते. खरं तर त्यांना मिटायची गरज नव्हती.

"आदळत न्हाई," त्या म्हणाल्या. "सरकत चाललंय."

मग विचारलं, "खाली मानसं कोरडी हायत का?"

"कोरडी आहेत, आक्का."

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. "हितं कोन हाय जवळ?" एक कामगार पुढे झाला. त्यांनी चाचपत त्याचा खांदा शोधला आणि सदऱ्यावरून हात फिरवला, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, मग डोक्यावर. "कुटला रं तू?"

"बीडचा, आजी."

"वरनं थेंब येतो का?"

"न्हाई जी. एक बी न्हाई."

आक्कांनी मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाला. मग तोच हात त्यांनी माझ्याकडे केला आणि माझा खांदा चाचपला. गाडीपासून आतपर्यंत मी छत्री सगळी त्यांच्यावर धरली होती.

"तू भिजलीस की गं," त्या म्हणाल्या.

आणि त्या एवढ्या मोठ्या शेडच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पदर सोडवला आणि माझं डोकं पुसायला लागल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांचं पुसून होईपर्यंत हलले नाही.